आईंच्या वाट्याचे तीळ

क्वेकर्स हिल,
१० ऑगस्ट

प्रिय हृषिकेश,

'प्रिय' हे पत्राची पद्धत म्हणून लिहिलंय, लगेच छाती फुगवू नकोस. आणि पत्र कशाला, असं वाटत असेल तर ऐक. व्हॉट्सॲपवर मी काही लिहिलं की दोन निळ्या टिका उमटतात आणि पुढे सामसूम. फार तर एक लाल बदाम. शाल्मलीने आजीला चमच्याने भरवतानाचा व्हिडिओ तुला पाठवला, त्यावरही तू बदामच टाकलास. पंधरा वर्षांची पोर दोन दिवस फोन उघडून बघत होती, बदामानंतर काही येतंय का. मी विचारलं तर म्हणाली, डॅड इज बिझी, इट्स फाइन. कागदावर बदाम टाकता येत नाही, म्हणून हे पत्र एक्सप्रेस पोस्टाने वेरिबीला पाठवते आहे.

फेब्रुवारीत आईंना स्ट्रोक आला तेव्हा तू आलास, हे मी नाकारत नाही. सकाळच्या विमानाने आलास, वेस्टमीड हॉस्पिटलच्या कार पार्कमध्ये जागा मिळेना म्हणून वीस मिनिटं चरफडलास, वॉर्डात जाऊन आईंचा वाकडा झालेला ओठ बघितलास आणि कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून रडलास. नर्सने तुला पाणी आणून दिलं. मी दिलं नाही, माझ्या हातात आईंची कवळी होती. संध्याकाळच्या विमानाने तू परत. जाताना म्हणालास, मला आईला असं बघवत नाही. सहा महिने झाले, ते एकच वाक्य तू पुरवून पुरवून वापरतो आहेस. बघवत नाही म्हणे. मला काय मोठी हौस आहे बघायची? मी त्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये दिवसभर लोकांच्या थुंकीचे नमुने बघते, मग घरी येऊन तुझ्या आईच्या हनुवटीवरची लाळ पुसते. नजर मेली आहे म्हणून नाही. कुणीतरी पुसायला हवी म्हणून.

चार वर्षांपूर्वी तू स्वतःला शोधायला घर सोडलंस. लोक त्यासाठी हिमालयात जातात, तू विमानाने दीड तासावरच्या वेरिबीला गेलास. सापडलास का ते सवडीने कळव. जाताना मॉनिटर नेलास, सायकल नेलीस, कॉफी मशीन गोधडीत गुंडाळून नेलंस आणि सगळं गाडीत भरून झाल्यावर आईंना विचारलंस की तुझं काय ठरलंय. आठ वर्षं तुझ्या घरात तुझी मुलगी सांभाळणाऱ्या बाईला तू पाहुणीसारखं विचारलंस. त्या म्हणाल्या, मी इथेच बरी आहे, शाल्मलीची शाळा जवळ आहे. जसं काही शाळेत त्यांनाच जायचं होतं. तुला तेवढं कारण पुरलं.

आता मुद्द्याचं. स्ट्रोकनंतर आईंना पातळ काही गिळता येत नाही. पाणी, चहा, ताक, काहीही पातळ असलं की घशातून चुकून छातीत उतरतं आणि न्यूमोनिया होतो. हे तुला मी तीनदा लिहिलं होतं. निळ्या टिका आल्या होत्या. आणि तरीही मे महिन्यात, मदर्स डेला, तुझं भलंमोठं खोकं आलं. आत ब्लेंडर. सोबत कार्ड, की आईसाठी रोज फ्रेश स्मूदी, लव्ह, हृषी. धन्य आहे तुझी. जी बाई घोटभर पाणी प्यायली तर हॉस्पिटलात जाईल तिला तू स्मूदी पाठवलीस. आई ते कार्ड उशीखाली ठेवून झोपल्या. मी खोकं गॅरेजमध्ये टाकलं.

घट्ट करायची पावडर मिळते. ती चहात घातली की चहा खळीसारखा होतो. भात, वरण, भाजी सगळं वाटून गाळून द्यायचं. गिळणं तपासणाऱ्या स्पीच पॅथॉलॉजिस्टची कसोटी ठरलेली आहे: चमचा तिरका केला की घास एकसंध खाली पडला पाहिजे, चमच्याला चिकटता कामा नये, वाहता कामा नये, दाणा लागता कामा नये. ज्या बाईने आयुष्यभर आमटीला कोकम किती आणि गूळ किती यावरून लोकांचे संसार जोखले, तिच्यापुढे मी रोज तीन रंगांचे तीन गोळे ठेवत होते. पहिल्या महिन्यात त्यांनी माझ्यासाठी म्हणून खाल्लं. नंतर घास तोंडात धरून ठेवायला लागल्या. शाल्मली आणि मी आलटून पालटून सांगायचो, आई, गिळा. आज्जी, स्वॉलो. त्या खिडकीकडे बघत बसायच्या. जूनमध्ये वजन एकेचाळीस किलोवर आलं. डॉक्टरांनी नळीने भरवण्याचा विषय काढला, तर आईंनी चांगला हात वर करून नाही म्हणून सांगितलं.

शेजारच्या मिसेस क्वोक तुला आठवतात का? नसतील आठवत, तुला शेजारी म्हणजे वायफायच्या यादीतलं एक नाव. हाँगकाँगच्या, आईंच्याच वयाच्या. त्यांचं आणि आईंचं बारा वर्षं कुंपणावरून थंड युद्ध चाललं होतं. त्या सुकी मासळी उन्हात लावायच्या, तेव्हा आई नाकाला पदर लावून आमच्या बाजूच्या सगळ्या खिडक्या मुद्दाम आवाज करून लावायच्या. आईंची हिंगाची फोडणी पडली की पलीकडच्या खिडक्या तशाच वाजायच्या. बोलणं कधी झालं नाही, कारण आईंचं इंग्लिश चार वाक्यांचं आणि त्यांचंही तेवढंच. तर त्या बाईंनी जूनच्या एका सकाळी मला ड्राइव्ह-वेवर गाठलं. आईंसकट सायकलपेक्षा हलकी झालेली व्हीलचेअर मी ढकलते, ते त्या रोज बघत होत्या. म्हणाल्या, शी नो ईट? आणि फोनवर एका काळ्याभोर पातेल्याचा फोटो दाखवला. जी-मा-वू. काळ्या तिळांची गोड लापशी. त्यांच्या सासूला शेवटची दोन वर्षं त्यांनी हीच भरवली होती. घट्ट, गुळगुळीत, दाणा नाही, आणि ताकद देणारी. मी लॅबमध्ये दिवसभर तोच विचार करत होते की हे तर कसोटीत नेमकं बसतंय.

इथे मीही अक्कल पाजळली, ती सांगते. संध्याकाळी परतताना स्टेशनजवळच्या इंडियन स्टोअरमधून काळे तीळ घेतले. ते तिथे कुठे असतात ठाऊक आहे? डाळींजवळ नाही. दर्भ, जानवी आणि गोमूत्राच्या बाटल्यांच्या शेल्फवर. काउंटरवरच्या बाईने पाकीट हातात घेऊन आवाज खाली आणला आणि विचारलं, घर में कुछ हुआ क्या? मी हसून नाही म्हटलं, घरी आले, पाकीट ओट्यावर ठेवलं आणि अंघोळीला गेले. आईंची खुर्ची ओट्यासमोरच होती.

बाहेर आले तर आईंनी तोंड भिंतीकडे केलेलं. त्या रात्री जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. ओठ घट्ट मिटलेले. मी चिडले, विनवण्या केल्या, शाल्मली रडली. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी माझा हात धरला, ओट्याकडे बोट केलं आणि जड जिभेने विचारलं की एवढी घाई का केलीस, मी काय आजच जात्येय? तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तीळगूळ पांढऱ्या तिळांचा. काळे तीळ आपल्या घरात एकाच कामाला बाहेर निघतात. आईंना वाटलं, नळी नको म्हटल्यावर स्वरदाने पुढची तयारी सुरू केली. बारा वर्षांत मी त्यांच्याशी उलट बोलले असेन, आदळआपट केली असेल, पण त्यांना माझ्याबद्दल असं वाटावं अशी वेळ मी स्वतःच्या हाताने आणली. ओट्यापाशी खाली बसून मी ढसाढसा रडले. तुझ्यासारखी भिंतीला टेकून नाही, समोर बसून.

काळे तीळ म्हटल्यावर आईंना तूही आठवला असशील. बाबांचं श्राद्ध तू इथे कसं करायचास, ते मी विसरलेले नाही. दीनानाथ जोगळेकरांचा एकुलता एक मुलगा, मागच्या अंगणात कपडे वाळत घालायच्या खांबाखाली पाटावर बसलेला, एका कानात इअरफोन, कारण नऊ वाजता ऑफिसची स्टँड-अप मीटिंग. आई मंत्रांच्या पुस्तकातून एकेक ओळ वाचून सांगायच्या आणि तू अंगठ्यावरून तीळ-पाणी सोडता सोडता मध्येच म्हणायचास, सॉरी मेट, यू आर ऑन म्यूट. बाबा पण म्यूटवरच गेले असतील बिचारे. तरी आई खूश असायच्या. म्हणायच्या, केलं ना त्याने, पोचलं. तू गेलास त्यानंतर दर पितृपक्षात त्या तिळांची जुनी डबी काढायच्या, पुसायच्या आणि परत ठेवून द्यायच्या. मुलगा असताना मी कसं करू, असं त्यांचं म्हणणं. मुलगा कुठे होता, ते मी बोलून दाखवलं नाही. आता दाखवते आहे.

असो. त्याच दिवशी मी मिसेस क्वोककडे गेले आणि जमेल तसं सांगितलं की आमच्यात हे तीळ मेलेल्यांना देतात. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी एखाद्या येड्या जमातीची आहे. मग हातातलं काम टाकून आमच्या स्वयंपाकघरात आल्या आणि पाकीट उघडलं. आईंची खुर्ची त्यांनी स्वतः गॅसजवळ ओढली. बारा वर्षांत पहिल्यांदा त्या आमच्या घरात पाऊल टाकत होत्या, आणि तेही विचारून नाही.

कृती लिहिते, नीट वाच. नेहमीसारखी नजर फिरवू नकोस. वाटीभर काळे तीळ धुऊन, निथळून, कोरड्या कढईत मंद आचेवर भाजायचे. काळे तीळ भाजले गेले की नाही हे रंगावरून कळत नाही, जळले तरी काळेच. म्हणून त्यात दहा-बारा पांढरे तीळ टाकायचे. ते बदामी झाले की काळेही झाले. ही मिसेस क्वोकची युक्ती. आईंनी ती बघितली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा भुवई वर केली. स्वयंपाकातली हुशारी त्यांना कुठल्याही भाषेत कळते. तीळ जळले तर टाकून द्यायचे, कडू लापशी आईंच्या तोंडात घालायची नाही. अर्धी वाटी तांदूळ चार तास भिजवलेले हवेत. तीळ आणि तांदूळ थोडं थोडं पाणी घालत गंधासारखे वाटायचे. आमच्या मिक्सरमध्ये दाणा राहत होता, तेव्हा मला गॅरेजमधला तुझा ब्लेंडर आणावा लागला. हो, चालला. झकास चालला. लगेच स्वतःची पाठ थोपटू नकोस, तू तो स्मूदीसाठी पाठवला होतास. वाटलेलं सगळं जुन्या मलमलीच्या कापडातून पिळून गाळायचं. दोनदा. एक कण राहिला तर त्यांना ठसका लागतो आणि ठसका म्हणजे छाती. मग पाच वाट्या पाणी आणि चवीपुरती खडीसाखर घालून मंद आचेवर ढवळायचं. ढवळणं थांबवायचं नाही. थांबलास की तळाला गाठ धरते, आणि ती मोडत नाही. चमचा तिरका करून बघायचा, घास एकसंध पडला की गॅस बंद. मी पहिल्याच दिवशी बरणीत भरून स्पीच पॅथॉलॉजिस्टला दाखवून आणली. तिने काटा बुडवून बघितला आणि हो म्हणाली.

वाटी समोर आली तेव्हा आईंनी तिच्याकडे डांबराकडे बघावं तसं बघितलं. मिसेस क्वोकनी दुसरा चमचा घेतला, आधी स्वतः खाल्लं, मग दात दाखवले. सगळे काळे. आणि आई हसल्या. वाकड्या ओठाने, पण हसल्या, आवाज काढून. मग तोंड उघडलं. पहिला घास घेऊन बराच वेळ बसल्या. मला वाटलं, परत धरून ठेवला. नाही, त्या चव घेत होत्या. गिळल्यावर मला म्हणाल्या की यात जरा वेलदोडा हवा. बारीक पूड, वस्त्रगाळ. तेव्हापासून आपल्याकडे जी-मा-वूत वेलदोडा असतो आणि मिसेस क्वोकना तो मुळीच पसंत नाही. तरी रोज येतात, नाक मुरडून वाटीभर खातात आणि दोघी खिडकीशी बसतात. काय बोलतात देव जाणे. मासळीच्या वासाबद्दल आई आता चकार शब्द काढत नाहीत.

दोन महिने आई हेच खात आहेत. वजन त्रेचाळीस झालं होतं. खाताना तुझ्या गोष्टी सांगतात, एकेक शब्द गोळा करत. सहकारनगरच्या घरी तू नऊ वर्षांचा होईपर्यंत हाताने जेवायचा नाहीस. घास गालात धरून ठेवायचास, खाली शाळेची रिक्षा हॉर्न वाजवत असायची, आणि त्या वरणभाताचा घास हातात घेऊन घरभर तुझ्यामागे फिरायच्या. शेजारणी नावं ठेवायच्या. त्यांच्या सासूबाई म्हणायच्या, उपाशी ठेव, सरळ होईल. आईंनी कुणाचं ऐकलं नाही. गालात घास धरणारा मुलगा त्यांना बघवत होता, बरं का.

मागच्या आठवड्यात परत छातीत कफ झाला. दोन दिवस वेस्टमीडला ठेवून घरी सोडलं. डॉक्टर मला ओळखतात, त्यामुळे गोलगोल बोलले नाहीत. आता महिने म्हणू नका, आठवडे म्हणा, म्हणाले. आईंना कुणी सांगितलं नाही, पण त्यांना कळलं. घरी आल्यावर त्यांनी लापशी मागितली. पाच चमचे खाल्ले, पूर्वी वाटी संपायची. मग मला जवळ बोलावलं, आणि जे म्हणाल्या ते शब्द न बदलता लिहिते.

"हृषीला सांग, माझ्या वाट्याचे तीळ मला जिवंतपणीच पोचले. स्वरदा, तुझ्या हातून पोचले. आता त्याने नंतर यायची गरज नाही."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. त्या तुला मोकळं करत होत्या, तुझी आई तुझ्यासाठी शेवटपर्यंत सोय बघते आहे. बघवत नाही ना बाळाला, मग नको येऊ. निरोप मी पोचवला. पण त्यांनी तुला मोकळं केलं म्हणून मी करणार नाही. त्या गेल्या की तू येणार, हे मला माहीत आहे. तेव्हा तुला बरोबर बघवेल. गुरुजी सांगतील तसं अंगठ्यावरून तीळ-पाणी सोडशील, या वेळी कदाचित इअरफोनही काढशील, रडशील, आणि चार लोक म्हणतील, मुलाने सगळं रीतसर केलं. ते आईंना पोचेल की नाही, मला ठाऊक नाही. वाटीतलं पोचतं, ते मी रोज डोळ्यांनी बघते.

म्हणून हे पत्र. तुला रेसिपी पाठवायची मला काय हौस? ती तुझ्यासाठी आहे, कारण रविवारी सकाळची लापशी तू करायची आहेस. शनिवारी ये. तांदूळ मी भिजत घालते, कापड धुऊन ठेवते, ब्लेंडर तुझाच आहे. शाल्मली दार उघडेल, तिला मिठी मारायची असेल तर तिला विचारून मार. आल्याबद्दल माझ्याकडून थँक्यूची अपेक्षा नको. आणि बघवत नाही याची काळजी करू नकोस, हे काम तुझ्यासारख्याला अगदी सोयीचं आहे. भाजताना तिळांवरून नजर हलवायची नसते, ढवळताना भांड्यावरून. चांगला तासभर तुला कुणाच्याही तोंडाकडे बघावं लागणार नाही. त्यानंतर मात्र वाटी घेऊन आईंसमोर बस. भरवताना तोंडाकडे बघावंच लागतं, आणि एक घास गिळल्याशिवाय दुसरा द्यायचा नसतो.

तुझी आता कुणीच नाही, तरी आईंची सूनच,
स्वरदा